प्रिय श्रीकांत यास

लँकेशायर, 19 ऑक्टोबर

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे उत्तराविना पडून आहेत, याची मला लाज वाटते. माझी प्रकृती ठीक आहे. आज लिहितो आहे ते मन्यासाठी.

गेल्या रविवारी सेस्ना 150 घेऊन एकटाच उडालो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, बाहेर 13 अंश होते आणि हवा ओलीचिंब होती. उतरण्याआधी थ्रॉटल मागे घेतला, पण कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणारी कार्ब हीट ओढायची राहिली. थोड्या वेळाने थ्रॉटल पुढे केला, तरी आरपीएम चढेनात. तेव्हा कार्ब हीटचा नॉब पूर्ण ओढला, तर इंजिन आणखीच खोकू लागले आणि विमान थरथरले. वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनातून जात असताना असेच होते, हे ठाऊक असूनही माझा हात नॉब परत आत ढकलायला निघाला होता. तो थांबला तुझ्यामुळे. "ओढलास की सोडायचा नाही," असे तू माझ्यावर ओरडायचास ना, तेच आठवले. अर्ध्या मिनिटाने इंजिन सुरळीत झाले.

आपले भांडण तुला आठवत असेल. आपल्याकडच्या उकाड्यात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा होईल, असे म्हणून मी सर्वांसमोर तुझी थट्टा केली होती. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तापमान 30 अंशांनीही खाली येऊ शकते, म्हणून दमट हवेत, विशेषतः थ्रॉटल मिटलेला असताना, बाहेर 25 अंश असले तरी आत बर्फ धरतो, हे तू तेव्हाच सांगत होतास. मला ते रविवारी पटले.

आणि म्हणूनच मन्याचा तो ऑगस्ट माझ्या डोक्यातून जात नाही. उघडीप होती, तो उतरायला येत होता आणि विमान उसात गेले. "इंजिन नुसते मंदावत गेले," एवढेच तो दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच इंजिन चालवून पाहिले, तर ते निर्दोष निघाले आणि आपण सर्वांनी, सर्वांत आधी मी, तो खोटे बोलतो असे ठरवून टाकले. श्रीकांत, बर्फ दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो का? इंजिनाच्या उबेनेच तो पाणी होऊन गेला असेल. त्याने उडणे सोडले ते पायामुळे नव्हे, आपल्या तोंडांमुळे सोडले.

मात्र माझ्याकडे पुरावा काहीच नाही. शिवाय बर्फच होता असे मी लिहिले, तर कार्ब हीट ओढली होतीस का, हा प्रश्न त्या पत्रात न लिहिताही त्याला ऐकू येईल. इतक्या वर्षांनी क्षमा मागताना त्याच्यावर नवा आरोप तर होणार नाही ना, याच विचारात दोन मसुदे फाडले.

वहिनींच्या बदलीचे कळले; बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले, हे वाचून बरे वाटले. त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

मन्याचा पत्ता तुझ्याकडे असेल तर पाठव. आणि आधी तू त्याच्याशी बोलावेस असे वाटत असेल, तर तसे कळव.

तुझा,
अविनाश