वारा पडतो तेव्हा

रॉटरडॅम,
१६ नोव्हेंबर

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

समुद्रातल्या वाऱ्यापासून हायड्रोजन करता म्हणजे नेमकं काय करता, असं तू विचारलंस. थळच्या खत कारखान्यात रोज हायड्रोजन हाताळणाऱ्याला थातूरमातूर उत्तर चालणार नाही, म्हणून रविवारी निवांत लिहायला बसलोय.

इथे नेदरलँड्समध्ये एग्मंड गावाच्या किनाऱ्यापासून साडेअठरा किलोमीटर आत ६९ पवनचक्क्या आहेत, प्रत्येकी ११ मेगावॅटची. त्यांच्या विजेवर रॉटरडॅम बंदरात २०० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारं यंत्र, चालवायचा, दिवसाला जास्तीत जास्त ६० हजार किलो हायड्रोजन काढायचा आणि पाइपने पेर्निसच्या रिफायनरीला द्यायचा, असा शेल या तेलकंपनीने २०२२ मध्ये निर्णय घेतला.

मागच्या महिन्यात एग्मंडच्या वाळूत उभा होतो. समुद्र तेलासारखा स्थिर, क्षितिजावरची पाती जागच्या जागी. तेव्हा पोटात कालवलं रे. आमच्या दुसऱ्या एका कामाचा पहिला आराखडा मी वर्षभराच्या सरासरी वाऱ्यावर बेतला होता. मग दर तासाच्या वाऱ्याचे आकडे मांडले आणि तो कोलमडला. हिवाळ्यात वारा सलग काही दिवसही पडतो. यंत्र मोठं घेतलं तर रिकामं बसतं, लहान घेतलं तर वादळी दिवसांची वीज हातची जाते. आमच्या नियोजनातली खरी डोकेदुखी हीच.

इलेक्ट्रोलायझर समुद्रातच का नको, हा तुझा प्रश्न रास्त आहे. स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यासमोर समुद्रातल्या एका तेल-वायू प्लॅटफॉर्मवर एक मेगावॅटचा प्रयोग आखलाय: समुद्राचं पाणी गोडं करायचं, हायड्रोजन काढायचा आणि जुन्याच पाइपमधून किनाऱ्यावर आणायचा. फार दूरच्या पवनचक्क्यांसाठी हे मला पटतं, कारण तिथे केबलचा खर्च जबर असतो. पण किनाऱ्याजवळ नाही. खारी हवा सगळं खाते आणि साधा व्हॉल्व्ह बदलायलाही बोट काढावी लागते.

दुसरं म्हणजे, एक किलो हायड्रोजनला ५०-५५ युनिट वीज जाते आणि त्यातून जेमतेम ३३ युनिट ऊर्जा हाती येते. म्हणून तो घरं तापवायला जाळणं मला पाप वाटतं. आधी रिफायनरीला द्यावा, खतांना द्यावा. तिथे त्याला पर्याय नाही.

आता तूच मला मदत कर. वारा पडला की हायड्रोजनही कमी होणार, म्हणून विचारतो. तुमचा अमोनिया प्लांट बंद न पाडता किती टक्के लोडपर्यंत खाली आणता येतो? आणि युरियाला लागणारा कार्बन डायऑक्साइड तुम्हाला नैसर्गिक वायूतूनच मिळतो ना? वायू सोडून वाऱ्याचा हायड्रोजन घेतला तर तो कार्बन डायऑक्साइड कुठून आणायचा? तुझ्या अनुभवातले आकडे सविस्तर लिही. मी ते माझ्या ताशी तक्त्याशेजारी मांडून बघणार आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश