काही सुचत नसेल तर परटाची यादी लिही

॥ श्री ॥

चि. निनाद, अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "आई फाउंटन पेन घेतला, भारीतली वही पण घेतली, आठवडा झाला वही कोरीच आहे, लिहू काय?" आणि खाली तो डोकं खाजवणारा इमोजी. तेव्हा उत्तर दिलं नाही कारण एक तर मी अर्धवट झोपेत होते आणि दुसरं म्हणजे याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही. काल दुपारी हाताने चार पानं लिहिली आणि आता तीच बघून टाइप करतेय, कारण पोस्टाने बंगलोरला पोचेपर्यंत तुझ्या पेनातली शाई निबमधे वाळून बसेल. मूळ पत्र पण पेटीत टाकते. दोन्ही ताडून बघू नकोस, टाइप करताना बरंच वाढलंय.

तर हाच प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला होता. तुला आठवत असेल, जूनमधल्या पहिल्या पावसात मी सोसायटीच्या पायरीवरून घसरले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हात म्हणजे वाळका दोडका झाला होता, कपाचा कान धरवेना. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली काकू रोज अर्धं पान लिहा, आधी मोठ्ठी अक्षरं, दुरेघी वही घ्या शाळेतली. मी म्हटलं लिहू काय? म्हणाली, "काहीही लिहा हो." आता बघ, बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली कितीतरी वर्षं लेजर हाताने लिहिली, दिवसाला शंभर नोंदी, तेव्हा काय लिहू असा प्रश्न कधी पडला नाही. आणि "काहीही लिहा" म्हटल्यावर हात जागच्या जागी थिजला.

पहिल्या दिवशी आपलं नाव लिहिलं वीसदा. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. (त्याच महिन्यात, जिथे बत्तीस वर्षं नोकरी केली त्याच बँकेने माझा चेक सही जुळत नाही म्हणून परत पाठवला, काउंटरवरच्या पोराला म्हटलं अरे ही सही मी तुझ्या जन्माआधीपासून इथे करतेय, तो म्हणाला मॅडम सिस्टीम घेत नाहीये. असो.) दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी लिखित जपाची वही दिली, त्या रोज पानभर राम राम लिहितात, पण माझा राम सातव्या ओळीला कंटाळला, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी टेबलावर पेपर होता आणि त्यात ते नेहमीचं, धरणसाठा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मी पट्टी घेऊन वहीत रकाने आखले, तारीख, चार धरणं, एकूण, आणि शेवटी सवयीने एक शेऱ्याचा रकाना, कारण बँकेतलं कुठलंही रजिस्टर असो, शेवटचा रकाना शेऱ्याचा असतोच. चारही मिळून साधारण २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं हे आपल्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत, त्यामुळे रोजचा आकडा लिहिताना जरा मजा पण यायची, आज किती भरलं, मागच्या वर्षी एव्हाना किती होतं. आकडे लिहायला सोपे, डोकं लागत नाही, हात मात्र चालतो. चारपाच दिवस शेरा मोकळाच होता. मग एक दिवस लिहिलं "विसर्ग सुरू, भिडे पूल पाण्याखाली". दुसऱ्या दिवशी "पूल बंद म्हणून रिक्षावाल्याने लांबून नेलं, मीटर बघून पोटात गोळा". मग "मेथी आणली नाही, जुडी हातात घेतली आणि भाव ऐकून परत ठेवली". ऑगस्ट संपेपर्यंत धरणं राहिली बाजूला आणि शेऱ्याचा रकाना अर्ध्या पानाचा झाला, दोन ओळींत बसेना म्हणून खाली बाण काढून मागच्या पानावर. वहीच दाखवीन तुला दिवाळीत. म्हणून तुला माझं सांगणं एवढंच की तू सुचण्याची वाट बघतोयस, ते सोड. हाताला रोजचं एक ठरलेलं काम दे आणि बाजूला शेऱ्याचा रकाना जरा रुंद ठेव.

तुम्ही मुलं ते नेटवरून प्रश्न काढता ना, "तुमच्या बालपणीची सर्वात सुंदर आठवण लिहा", "आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात", मला ते बघूनच घाम फुटतो. असल्या प्रश्नाला माणूस खोटंच लिहिणार. त्यापेक्षा मेसमधे आज कुठली भाजी होती ते लिही. बघ, नुसतं "दुधी" एवढं लिहून तू थांबूच शकणार नाहीस, मला माहितीय तू दुधीबद्दल काय काय बोलतोस ते.

घरचंच उदाहरण देते. आजीने सगळी जुनी कालनिर्णय जपून ठेवलीत, खिळ्याच्या भोकासकट, ७० च्या दशकातली पण आहेत, कालनिर्णय निघालंच १९७३ साली. गेल्या महिन्यात माळा आवरताना तो गठ्ठा खाली आला आणि तुझे बाबा झाडू हातात धरून दीड तास वाचत बसले. आहे काय त्यात? प्रत्येक चौकोनात दुधाचा आकडा. "गॅस लावला." "बाई खाडा." "बाई खाडा." "बाई आली, रागावले नाही." "पेपरचे दिले." "कर्वे रोडला साडीला फॉल." आणि बाबांच्या जन्माच्या दिवशी, ऐक, "दूध २ लि. जास्त. मुलगा." बस. याच घरात तुझ्या आजोबांच्या तीन रोजनिशा आहेत, त्यात मानवी जीवनाचं ध्येय वगैरे विषयावर सुंदर अक्षरात विचार आहेत, त्या कुणी दुसऱ्यांदा उघडल्याचं मी तरी पाहिलं नाही. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं हो त्यांचं, ते नाकारत नाही.

आणि हे आपल्या घरापुरतं नाहीये. पेशवे दफ्तर बघ ना, इथेच कॅम्पाच्या बाजूला पुराभिलेखागारात आहे, रुमालच्या रुमाल, रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सगळं मोडी लिपीत. रियासतकार सरदेसाईंनी त्यातून निवडून १९३० च्या दशकात ४५ खंड काढले तरी ढीग हलला नाही. त्यात राजकारण आहे, लढाया आहेत, पण ढीगभर काय असेल तर हिशेब. कारकून बोरू घेऊन बसायचा, पानावर आधी आडवी रेघ मारून घ्यायचा आणि मग हात फारसा न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लोंबकळवत जायचा, आज काय सुचतंय असं त्याला कोणी विचारलं नसणार. माझी बँकेतली मैत्रीण निवृत्तीनंतर मोडीच्या वर्गाला जाते, ती सांगते शिकताना सगळ्यात मजा हिशेबाच्या कागदांत येते, कारण तूप, तेल, गूळ हे शब्द ओळखू येतात आणि मग धीर येतो. माझ्या आजोबांची सही मोडीत होती, मला ती आजपर्यंत वाचता आलेली नाही, तिला दाखवणार आहे एकदा.

कोऱ्या पानाची भीती वाटते म्हणालास. पहिलं म्हणजे भारीतल्या वहीचं पहिलं पान सोडून दे, शेवटच्या पानापासून सुरू कर, शेवटच्या पानाला काही इज्जत नसते, शाळेत आपण तिथेच फुल्ली-गोळा खेळायचो. दुसरं म्हणजे वर मधोमध श्री घाल. देवाचं सोड, तू मानत नाहीस माहितीय, पण आपल्या जुन्या माणसांनी ही फार हुशारीची सोय करून ठेवलीय, श्री घातलं, उजवीकडे ता. लिहून तारीख टाकली, गावाचं नाव लिहिलं की पान कोरं राहिलंच कुठे? तीन गोष्टी झाल्या, अजून विचार सुरू पण झाला नाही.

मागे अप्पा बळवंत चौकात बाबांना रिफिल घ्यायला गेले होते तेव्हा दुकानदाराने पेन ट्राय करायला ठेवलेला कागदांचा गठ्ठा होता ना काउंटरवर, तो मी वाचत उभी राहिले. नव्वद टक्के सह्या. मग श्री. मग गोल गोल वेटोळी. कुणीतरी नुसतंच "पुणे ३०" लिहिलेलं. आणि एका कोपऱ्यात, निळ्या शाईत, नीट शिरोरेघ देऊन, "साबुदाणा पाव किलो". मला इतकं हसू आलं. म्हणजे त्या माणसाला पण क्षणभर प्रश्न पडला असणार की लिहू काय, आणि जे डोक्यात होतं ते आलं खाली.

तू तर परक्या गावात आहेस, तुला काय तोटा. रोज ऑफिसला जाताना एका दुकानाची कन्नड पाटी निवड आणि संध्याकाळी त्यातलं एक अक्षर वहीत उतरव, पन्नासदा. आपल्यासारखी वरची रेघ नाही त्यात, सगळं गोल, हात वेगळाच वळतो, आणि वर्षभराने निदान बसवरची पाटी वाचता येईल, आत्ता तू नंबरावर चढतोस. कंटाळा आला तर आपलेच ल आणि श लिही. पाकळीचा ल आणि देठाचा श, सरकारने २००९ मधे जीआर काढून हेच खरे असं सांगितलंय, पण तुझा फोन कुठला ल दाखवतो बघ जरा नीट. तुझा स्वतःचा श लहानपणी बदकासारखा यायचा. बाईंनी शेरा पण दिला होता.

पेनाचं दोन शब्दांत सांगते, बाकी तुला नेटवर मिळेल. साधी कॅमलची रॉयल ब्लू घाल, उगाच वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक भरू नकोस, त्यात लाख असते ती आत वाळली की पेन कामातून गेला. दोनतीन आठवडे लिहिणार नसशील तर पाण्याने धुऊन ठेव, गरम पाणी नको. आणि शाई कागदावर फुटत असेल तर निबला शिव्या घालू नकोस, बहुतेक वेळा कागद पातळ असतो.

आता खरी गोष्ट, जी मला सांगायचीच होती. हात बरा झाल्यावर अर्ध्या पानाची सवय तर लागली होती, म्हणून मी आजीला म्हटलं पानशेतचं सांगा, मी लिहून घेते. ती गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलीय, तू तर तिची नक्कल पण करतोस. १२ जुलै १९६१, आजी पंधरा वर्षांची, नारायण पेठेतला वाडा, धरण फुटलं म्हणून ओरडत लोक पळतायत, ही सगळी नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीकडे. लकडी पूल पाण्याखाली गेला वगैरे. पण हाताने लिहून घेताना माणूस हळू होतो ना, मी म्हणायचे थांबा थांबा, लिहू दे, आणि ती थांबायची, आणि त्या थांबण्यात तिला पुढचं आठवायचं जे तिने कधी सांगितलंच नव्हतं.

पाणी ओसरल्यावर चिखलातून ट्रंक काढली, त्यात तिची निबंधाची वही होती. शाळेत तिच्या निबंधांचं वाचन व्हायचं म्हणे, तिला त्याचा फार अभिमान. वही उघडली तर शाईने लिहिलेलं सगळं वाहून गेलेलं, पानंच्या पानं नुसती निळी. पण मागच्या पानावर तिच्या आईने पेन्सिलीने परटाची यादी लिहून ठेवली होती, निबंधाच्या वहीचं पान वापरलं म्हणून ही तेव्हा रडली होती. ती यादी तशीच्या तशी. धोतरं चार, लुगडी तीन, सदरे पाच, परकर दोन, पंचा एक. आणि परीट राहायचा पर्वतीच्या बाजूला, कपडे त्याच्याकडेच होते, त्यामुळे त्या दिवसांत घरात कोरडं म्हणून अंगावर घालायला जे काही मिळालं ते त्या यादीतलंच. आजीने मला ती यादी एका दमात म्हणून दाखवली. मी विचारलं, आणि निबंध कुठले होते? म्हणाली, "कोण जाणे, एक बहुतेक पावसाळ्यावर होता."

हे सगळं माझ्याकडे अकरा पानं झालंय, तुला फोटो काढून पाठवणार नाही, इथे येऊन वाच.

बाकी ठीक. टेमघरचा आकडा काल पेपरने द्यायचा विसरला, माझा रकाना मोकळा राहिलाय, चिडचिड होते. बाबांची शुगर बरी आहे. तू पोस्टकार्ड टाक, मेसचा मेनू लिहिलास तरी चालेल, दुधीसकट. आणि हो, आजी विचारत होती पेन केवढ्याला पडला, मी अर्धीच किंमत सांगितलीय, तिने फोन केला तर तू पण तेवढीच सांग.

तुझी,
आई