शटर बंद, पण पावत्या आहेत ना?

म्युनिक, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा "गेले ते गेले, सोड" म्हणाले आणि लगेच पावसाचं बोलायला लागले. फोनवर मी काही सांगितलं की "बरं, बघू" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून लिहिते आहे. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव.

चारधाम यात्रेसाठी सहलवाल्याला दिलेले एक लाख बेचाळीस हजार, त्याने ऑफिस बंद केल्यावर गेले, याचं बाबांना वाईट वाटतंच आहे. पण खरं टोचतंय ते वेगळं, शेजारच्या काका-काकूंना त्यांनीच आग्रह करून यात ओढलं ते. बाबा, काका तुमच्यावर रागावलेले नाहीत. आईने त्यांचाच निरोप मला कळवलाय की ते तुमची वाट बघतायत, एकत्र तक्रार करायला. सारखीच तक्रार असेल तर ग्राहक आयोगाच्या (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा तिथे होतो) परवानगीने ती एकत्र करता येते.

इथे जर्मनीत २०१९ मध्ये थॉमस कुक ही सहल कंपनी बुडाली (भारतातली थॉमस कुक वेगळी, ती बुडालेली नाही, बाबा विचारणारच), तेव्हा विम्याची हमी ११ कोटी युरोवर संपली आणि वरचा भार जर्मन सरकारला उचलावा लागला. म्हणून २०२१ मध्ये सहल कंपन्यांच्या पैशांतून वेगळा निधी उभा राहिला. २०२४ च्या जूनमध्ये इथल्या म्युनिकचीच एफटीआय ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा पॅकेज सहल घेतलेल्यांना या निधीचं संरक्षण होतं. ज्यांनी नुसतं हॉटेल किंवा नुसती गाडी घेतली होती, ते मात्र बाहेर राहिले. आपल्याकडे असा निधीच नाही. आपल्याला आधार फक्त कागदांचा.

तेव्हा आधी पावती काढा. तिच्यावर २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर असेल. त्यातलं सहावं अक्षर बघा. 'पी' असेल तर धंदा त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर आहे, म्हणजे ऑफिसला कुलूप लावलं तरी देणं त्याच्याच डोक्यावर. 'एफ' म्हणजे भागीदारी, मग सहसा सगळे भागीदार बांधील. 'सी' म्हणजे कंपनी, आणि तिथेच खरी अडचण. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की तिच्याविरुद्धचे दावे थांबतात आणि नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत आपली रक्कम नोंदवावी लागते. त्याची जाहीर नोटीस मराठी पेपरातही येते. बाबा, तुम्ही नोटिसांचं पानसुद्धा सोडत नाही, ते आता कामाला येईल. पण रांगेत आपण बँका आणि कामगारांच्या मागे असतो. गो फर्स्ट या विमान कंपनीची विमानं मे २०२३ मध्ये थांबली, २०२५ च्या जानेवारीत कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. प्रवाशांचे पैसे तेवढा काळ अडकूनच होते. म्हणून घाई करा म्हणते.

दुसरं, कार्डाने भरलेले साठ हजार. उद्याच बँकेत जाऊन "सेवा मिळाली नाही" अशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथे मुदत असते, उशीर झाला की ऐकत नाहीत. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट छापून ठेवा. रोख चाळीस हजारांची ती हाताने लिहिलेली चिठ्ठी, आई, देवघराच्या खणात ठेवलीस ना? तिथेच असू दे, फक्त फोटो पाठव.

"पुढच्या वर्षी याच पैशांत नेतो" हा सहलवाल्याचा मेसेज बाबांना रागाने पुसून टाकावासा वाटतोय, कळतंय. पुसू नका. पैसे घेतले आणि नेलं नाही, हे त्याने त्यात स्वतःच लिहून दिलंय. आणि त्याला "चालेल" असं उत्तर तर मुळीच देऊ नका.

ग्राहकांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. पण ते समोरच्याला समजावतात. ऑफिस बंद केलेला माणूस किती ऐकेल ते दिसतंच आहे. खरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. सहलवाल्याचं ऑफिस पुण्यात असलं तरी तुम्हाला तिकडे खेटे घालायला नकोत. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील हवाच असं नाही, आणि तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण त्या भरवशावर बसू नका. आयोग पैशांबरोबर व्याज आणि मनस्तापाची भरपाईही देऊ शकतो. बाबा मनस्ताप मागायला लाजतील, तो आकडा मी घालते.

आधी त्याला नोंदणीच्या स्पीड पोस्टाने नोटीस पाठवू. मसुदा मी लिहिलाय, सोबत जोडते. ऑफिसच्या आणि घरच्या, दोन्ही पत्त्यांवर पाठवा. पाकीट परत आलं तरी फोडू नका, तसंच ठेवा.

शनिवारी तुमच्या संध्याकाळी सहाला मी व्हिडिओ कॉल करते. काका-काकूंनाही बोलवा, त्यांच्या पावत्या घेऊन. आई, पोहे कर, म्हणजे बाबा उठून जाणार नाहीत.

तुमची,
मनू