काकांना उत्तर देण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

धाकट्या काकांच्या छोटीला अमेरिकेतलं स्थळ आलंय आणि काकांनी माझं मत विचारलंय, असं आई तू फोनवर म्हणालीस. तुझ्या आजूबाजूला सगळे बसले होते, म्हणून मी "मुलगा चांगला दिसतोय" एवढंच म्हणाले. ते खरंच आहे, मुलात मला काही खोट दिसत नाही. पण मुलाचा पगार आणि घर विचारण्याआधी काकांनी विचारायला हवं ते वेगळंच आहे: छोटी इथे कोणत्या व्हिसावर येणार? हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मुलगा एच-१बी वर आहे, म्हणजे इथल्या कंपनीतल्या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर. म्हणजे ती एच-४ वर, अशांच्या बायकांना मिळणाऱ्या व्हिसावर येईल, जशी मी आले. एच-४ सगळा नवऱ्याच्या नोकरीवर टेकलेला. त्याची नोकरी आहे तोवर तो इथे, आणि तो इथे आहे तोवर ती. तिला शिकता येतं, गाडी चालवता येते, पण नोकरी करता येत नाही. अर्धवेळ नाही, घरबसल्या नाही, पैसे घेऊन शेजारच्या मुलांच्या शिकवण्यासुद्धा नाहीत. मे २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला. इथे सगळे त्याला ईएडी म्हणतात. तो मिळायला बहुतेक वेळा नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, वाटेवरचा आय-१४० नावाचा टप्पा मंजूर व्हावा लागतो. कुणाचा तो लग्नाआधीच झालेला असतो, कुणाची कंपनी वर्षानुवर्षं अर्जच करत नाही. तोवर छोटीची एम. टेक. कपाटात.

आणि बाबा, तुम्ही दरवेळी विचारता ते ग्रीन कार्ड. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देतात, त्यात कुटुंबातली माणसंही मोजतात, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. भारतातून आलेले इतके आहेत की आमची रांग पुढे सरकताना दिसतच नाही. एच-१बी तसा सहा वर्षांचा, पण रांगेत उभे असलेल्यांना तो वाढवून मिळतो, म्हणून आम्ही इथे आहोत. तू लोकांना "लेक तिकडे सेटल झाली" म्हणतेस ना आई, ते प्रेमाने म्हणतेस हे मला कळतं. पण आम्ही तीन-तीन वर्षांच्या मुदतींवर राहतोय. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवरसुद्धा तीच मुदत छापलेली आहे. ते वाढवून घ्यायला गेले की खिडकीमागची बाई माझे कागद बघते आणि नवऱ्याचे मागते. मुलगी इथे जन्मली म्हणून तिचा पासपोर्ट अमेरिकेचा. घरात तिघं, आणि ज्याला इथून कुणी जा म्हणू शकत नाही असं माणूस एकच, तेही तिसरीत शिकणारं.

जानेवारीत मी घरी होते, तेव्हा तुम्हाला वाटलं मी रजेवर आहे. ती रजा नव्हती. माझ्या परवान्याची मुदत संपली होती आणि नवीन कार्ड आलेलं नव्हतं. पूर्वी वेळेत अर्ज केला असला की नवीन येईपर्यंत जुन्यावर काम करता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत नाही, आणि माझा अर्ज नंतरचा. शेवटच्या दिवशी मी लॅपटॉप, चार्जर आणि गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. एचआरची मुलगी चांगली होती, तिने दोनदा सॉरी म्हटलं. मी काय चुकवलं होतं? काहीच नाही. काम उत्तम चाललं होतं, फक्त सी२६ असा कोड छापलेलं एक प्लास्टिकचं कार्ड टपालात नव्हतं. त्या दिवसांत रोज दुपारी टपालाची पेटी उघडायची आणि किराणा दुकानांची जाहिरातपत्रकं काढून बंद करायची, एवढंच काम होतं.

बरं, हा परवानाही कायम टांगणीलाच होता. २०१५ मध्येच त्याच्याविरुद्ध कोर्टात दावा लागला. पुढे सरकारनेच तो रद्द करायचा प्रस्ताव काढला आणि २०२१ मध्ये मागे घेतला. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा ऐकायला नकार दिला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे मी नोकरी करत होते त्या सगळ्या काळात ती उद्या असेल की नाही हे मला माहीत नव्हतं.

बाबा, तुमच्या ऑपरेशनला मी आले नाही. दादाने काय ते केलं, पण तुम्ही दाराकडे बघत होतात असं आई म्हणाली. माझ्या पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलेला आहे. इथे राहायला त्याने अडत नाही, पण बाहेर पडलं की परत येण्यासाठी मुंबईच्या वकिलातीतून नवा घ्यावा लागतो. नेमकं १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली आणि कित्येकांच्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे गेल्या. इथून गेलेली माणसं तिथेच अडकली. मी आले असते तर लेकीला इथे सोडून कधी परतले असते, सांगता आलं नसतं. मला यायचं नव्हतं असं तुमच्या मनात एक क्षणही येऊ देऊ नका.

आता जे लिहितेय ते काकूंना वाचून दाखवू नका. माझ्या ओळखीची एक जण आहे. तिचा नवरा हात उचलायचा, तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलुपात. मी म्हटलं, पोलिसांना बोलाव. ती म्हणाली, त्याला पकडलं तर त्याची नोकरी जाईल, नोकरी गेली की व्हिसा जाईल, मग मुलांना घेऊन मी कुठे जाऊ? नोकरी गेल्यावर माणसाला इथे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घटस्फोट झाला तर एच-४ त्याच दिवशी संपतो. तिची भीती मनाची नव्हती, नियमांतच लिहिलेली होती. अशा बायकांना स्वतःचा कामाचा परवाना मागता येतो, २००५ च्या कायद्यात ती सोय आहे, पण हे तिला ठाऊकच नव्हतं. न्यू जर्सीत मानवी नावाची संस्था आहे, १९८५ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते. मी तिला तिथला नंबर दिला. पुढचं तिचं ती ठरवतेय.

सगळ्यांच्या नशिबी असं येत नाही. माझा नवरा भला माणूस आहे, हे तुम्ही जाणता. पण त्याच्या भलेपणावर माझं इथलं राहणं अवलंबून असावं, हे मला मान्य नाही, आणि छोटीसाठी तर मुळीच नाही.

म्हणून काकांना सांगा, संकोच न करता विचारा. आय-१४० मंजूर आहे का? सहा वर्षांतली किती उरलीत? तो स्वतःच्याच कंपनीतून इथे बदली होऊन एल-१ व्हिसावर आला असता तर गोष्ट निराळी होती, त्यांच्या बायकांना २०२१ च्या अखेरीपासून वेगळा परवाना लागत नाही. छोटीला स्वतःच्या बळावर शिकायला यायचं असेल तर विद्यार्थी व्हिसाचा विचार आधी व्हावा, लग्न वर्षभर थांबलं म्हणून बिघडत नाही. आणि काहीही ठरलं तरी तिचा पासपोर्ट, पदवीचे मूळ कागद, लग्नाचा दाखला तिच्याच ताब्यात राहू देत, प्रती तुमच्याकडे. मुलाकडचे या प्रश्नांनी रागावले, तर तेही काकांना आत्ताच कळलेलं बरं.

छोटीला माझा नंबर द्या. शनिवारी सकाळी, तुमच्या वेळेने, तिने एकटीने फोन करावा. पाच वर्षं नोकरी नसली तर ती काय करेल, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.

तुमची,
ताई