कोरहाचे मुलगे

चि. बाळास सलाम,

परवा फोनवर तू जे बोललास ते आईला अजून सांगितलेलं नाही. तुझ्या मागून मंडळीत आलेल्या पोराला तरुण संघाचा अध्यक्ष केलं, पाळकसाहेबांनी तुला विचारलंही नाही, म्हणून आता तुम्ही सात-आठ घरं वेगळी उपासना सुरू करणार. मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर भांडण झालं असतं.

बायबलातलं यहूदाचं पत्र काढ. एकच अध्याय आहे, चहा गार व्हायच्या आत वाचून होईल. ११व्या वचनात तीन नावं एका दमात येतात: काइन, बलाम, कोरह. पहिले दोघे तुला शब्बाथशाळेपासून माहीत आहेत. भावाचं अर्पण मान्य झालं म्हणून काइनाचं तोंड उतरलं. खून व्हायच्या आधीच देवाने त्याला बजावलं होतं की पाप दाराशी टपून बसलंय. बलामाचं मला हसू येतं. मवाबाचा राजा बालाक इस्राएलाला शाप द्यायला या भविष्यवाद्याला माणसं पाठवून बोलावतो; हा बालाकाने घरभर सोनं-रुपं दिलं तरी देवाची आज्ञा मोडणार नाही म्हणतो, आणि लगेच त्या पाहुण्यांना रात्रभर ठेवून घेतो, देव आणखी काही बोलतो का बघायला!

कोरहापाशी मात्र थांब. गणना हे पुस्तक, १६वा अध्याय. हा माणूस उपरा नव्हता. लेवी, म्हणजे पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या वंशातला, त्यातही कहाथाच्या घराण्यातला. बाकीच्या लेव्यांना सामान न्यायला गाड्या आणि बैल मिळाले, कहाथाच्या लोकांना नाही, कारण पवित्रस्थानातल्या वस्तू त्यांनी खांद्यावरूनच वाहायच्या होत्या. एवढा मान असून याची नजर मोशेच्या भावाच्या, अहरोनाच्या याजकपदावर. आणि मोशे-अहरोनाला म्हणतो काय, तर सगळीच मंडळी पवित्र आहे, तुम्हीच का वर चढून बसता? वाक्य खोटं नाही रे. म्हणून तर २५० सरदार त्याच्या मागे गेले.

मला हे कळतं, कारण मीही ते करून बसलोय. तू पाचवीत होतास. नऊ वर्षं मी खजिनदार होतो. उपासना सुटली की टेबलावर नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे रचायचे, चुरगळलेल्या नोटा तळहाताने सरळ करायच्या. पंचमंडळीने ते काम दुसऱ्याला दिलं आणि मला एकदम हिशेबाची काळजी वाटू लागली. नऊ वर्षांत कधी वाटली नव्हती! घरोघरी जाऊन सह्या घेतल्या, सभेत उभा राहिलो. नव्या खजिनदाराने काही न बोलता वही पुढे सरकवली. दोन रुपयांचाही फरक निघाला नाही. नंतर कितीतरी रविवार मी शेवटच्या बाकावर, गीतपुस्तक न उघडता बसायचो.

पाळकसाहेब म्हणतील ते मुकाट्याने ऐक, असं मी सांगत नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला सुनावलंच. पण तोंडावर, लोकांकडे चहा पीत हिंडून नाही. तुझं पाळकसाहेबांशी बोलायचं राहिलंय. सात-आठ घरांशी बोलून झालंय.

आणखी एक. गणनेच्या २६व्या अध्यायात, शिरगणतीच्या लांबलचक यादीत, एक इवलंसं वचन आहे: कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. त्या बंडापायी जमीन दुभंगून कोरहाला गिळलं तेव्हा ते कुठे उभे होते, कोण जाणे. पुढे त्यांच्या वंशजांकडे पवित्रस्थानाचे उंबरठे राखायचं काम आलेलं इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात दिसतं. ८४वं स्तोत्र त्यांच्याच नावावर आहे, देवाच्या घरी द्वारपाळ होणं पसंत करणारं. आजी पाठ म्हणायची ते.

निवृत्त झाल्यापासून चर्चची किल्ली माझ्याकडे असते, हे तुला सांगितलं होतं का? पावसाने मोठं दार फुगलंय, एकट्याला ओढवत नाही. तू आलास की रंधा मारून घेऊ.

तुझा,
पप्पा