भूकंपाच्या तयारीत ड्रेनेज कुठे?

महोदय,

कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप बेळगावातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. भूकंपाच्या 2002 च्या भारतीय मानकातही बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे. तरी आपत्तीची चर्चा इमारती आणि रुग्णवाहिकांपाशीच संपते. ड्रेनेजचं नाव कुणी काढत नाही.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपानंतर हजारो घरं उभी होती, पण संडास बंद. जमिनीतली वाळू पाण्यासकट वर उसळली, पाईपांत गाळ भरला, सांधे निखळले. घरोघरी छोट्या टाकीची रासायनिक शौचालयं वाटली. टाकी भरली की लोक ती उचलून रस्त्यावरच्या मोठ्या टाकीत ओतून येत. मैलापाणी तसंच नद्यांत गेलं. दुरुस्तीला कित्येक वर्षं लागली, कारण ड्रेनेज चालतं उतारावर. जमीन थोडी खचली तरी पाईप शाबूत असून पाणी पुढे सरकत नाही. काही भागांत शेवटी व्हॅक्यूमने मैला ओढणारी यंत्रणा बसवावी लागली.

आपली माती तशी वाळूची नव्हे, तेव्हा इथे हुबेहूब तेच होईल असं माझं म्हणणं नाही. पण चिनी मातीचे जुने पाईप आणि सिमेंटने भरलेले सांधे वाकत नाहीत, तडकतात. त्यात आपल्याकडे लाईनशेजारीच विहीर. राकसकोप, हिडकल या जलाशयांचं पाणी नळाला आलं नाही की लोक तिथेच वळतात. भूकंपानंतर खालची लाईन न तपासता नळ सोडले, तर घरातलं सांडपाणी तड्यातून विहिरीत उतरणार. बळ्ळारी नाल्याकाठच्या भात पिकवणाऱ्यांना सांडपाण्याचा त्रास आजच काय कमी आहे!

तपासायचं तर आधी चेंबर सापडायला हवेत. आमच्या गल्लीत डांबराचे थर चढत गेले आणि झाकणं गडप झाली. ती कुठे आहेत, हे एका म्हाताऱ्या प्लंबरलाच ठाऊक. चेंबरचा नकाशा आत्ताच करून ठेवावा, पंपांना जनरेटर असावेत, फिरती शौचालयं कुठून आणायची हे ठरलेलं असावं. धक्क्यानंतर पाईपांत कॅमेरा सोडूनच पाणी चालू करावं. आणि सूचना कन्नडबरोबर मराठीतही काढाव्यात, कारण संडासात पाणी ओतू नका हे वरच्या आळीला कळलं नाही, तर मैला खालच्या आळीतल्या न्हाणीघरात चढतो.

एक वाचक,
शहापूर, बेळगाव