रेकॉर्ड म्हणायचं की रिकॉर्ड?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांसाठी तुम्ही रोज एक इंग्रजी शब्द अर्थासकट छापता, छानच आहे, पण शब्दात जोर कुठे द्यायचा ते कधीच नसतं आणि इंग्रजीत खरी गोम तिथेच आहे. आता रेकॉर्ड हाच शब्द घ्या. स्पेलिंग एक, सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, दोनच. पहिल्या सिलॅबलवर जोर दिला, रे-कॉर्ड, की ते नाम, आणि दुसऱ्यावर दिला, रि-कॉर्ड, की क्रियापद, म्हणजे नोंदवणं. अमेरिकेत तर नामातलं दुसरं सिलॅबल इतकं दबतं की रेकर्ड असंच ऐकू येतं. मराठीत जोर इकडेतिकडे झाल्याने सहसा अर्थ बदलत नाही म्हणून आपण सगळीकडे सरसकट रेकॉर्डच म्हणतो, आणि मग मुलांना इंग्रजी बातम्या ऐकताना ओळखीचाच शब्द पटकन लक्षात येत नाही.

अर्थ तर विचारूच नका. कोर्टातली नोंद, खेळातला विक्रम, गुन्हेगाराचा पूर्वेतिहास, गाण्याची तबकडी, सगळं रेकॉर्डच! मूळ लॅटिन शब्द आठवण्याचा, री म्हणजे पुन्हा आणि कॉर म्हणजे हृदय, म्हणजे मनात पुन्हा आणणं. आधी साक्षीदाराच्या आठवणीवर काम चालायचं, पुढे तेच कागदावर उतरलं, आणि 1877 मध्ये एडिसनने फोनोग्राफ काढला, त्यानंतर आवाजाची नोंदसुद्धा त्याच शब्दात जाऊन बसली. रेकॉर्डर नावाचं बासरीसारखं एक वाद्यही आहे, ते टेपच्या कितीतरी शतकं आधीचं! मला हे सगळं फार भारी वाटतं आणि मुलांनाही वाटेल, नुसता 'रेकॉर्ड म्हणजे नोंद' असं पाठ करण्यापेक्षा नक्कीच.

प्रेझेंट, ऑब्जेक्ट, कंटेंट यांचंही असंच, जोर सरकला की अर्थ सरकतो. पण रिपोर्टमध्ये नाम असो की क्रियापद, जोर दुसऱ्याच सिलॅबलवर, त्यामुळे एक नियम सांगून भागत नाही, शब्दागणिक दाखवावं लागतं.

म्हणून एवढीच विनंती की शब्द सिलॅबल तोडून छापा, जोराचं सिलॅबल ठळक करा, आणि अर्थ एकाऐवजी दोन-तीन द्या, प्रत्येकाला एक छोटं वाक्य जोडून. जागा कमी पडत असेल तर रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनच शब्द द्या, चालेल.

आपला,
एक नियमित वाचक